पापड लाटणारीच मालकीण असते तेव्हा

लिज्जत पापडाच्या पाकिटावर उत्पादकाचं नाव असतं ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’. पुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ वगैरे काही नाही. या उद्योगाला शेठ नाही, शेअर बाजारात त्याचा भाव लागत नाही आणि साठ वर्षांहून जास्त काळ तो बायकाच चालवतात. सभासद बायकांची संख्या 45 हजारांच्या घरात आहे. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीपासून बारच्या टेबलापर्यंत हा पापड पोचलाय, पण हा उद्योग नेमका चालतो कसा हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही.

एरवी ‘महिला नेतृत्व’ म्हटलं की 8 मार्चचा कार्यक्रम आठवतो: फेटे, शाल-श्रीफळ, आणि मंचावर बसलेल्या यशस्वी बाईंची संघर्षकथा. त्या कथा खोट्या असतात असं नाही. पण त्या एका बाईच्या असतात. तिच्या हाताखाली काम करणाऱ्या चाळीस बायकांना त्या नेतृत्वातून काय मिळालं, हे सत्कारात कळत नाही. ते बघायचं तर नियम बघावे लागतात. मालकी कुणाची, मत कुणाला, वर्षाअखेरी उरलेले पैसे कुणाच्या घरी जातात आणि संस्थेची वेळ कुणाच्या सोयीने ठरते, एवढं विचारलं की बरंच उलगडतं.

मोठ्या कंपन्यांचं समाजभान कसं असतं ते आधी चटकन पाहू. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली. यालाच आपण सीएसआर म्हणतो. म्हणजे आधी धंदा करायचा, नफा काढायचा आणि मग त्यातला वाटा समाजाला द्यायचा. त्याच कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक बाई असणं सक्तीचं केलं. मुदत जवळ आल्यावर अनेक प्रवर्तकांनी घरातलीच बायको, वहिनी किंवा मुलगी नेमून टाकली. नियम पाळला गेला, निर्णय मात्र होते तिथेच राहिले.

इथे ज्या संस्थांबद्दल सांगतोय त्यांचं गणित उलटं आहे. तिथे समाजाचा वाटा नफ्यातून नंतर काढत नाहीत. काम करणारी बाई, ठेव ठेवणारी बाई किंवा कर्ज घेणारी बाई हीच मालक असते, त्यामुळे वाटप धंद्याच्या रचनेतच बसलेलं असतं.

गच्चीवरचे पापड

15 मार्च 1959. मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवास इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी पापड लाटले. भांडवल होतं 80 रुपये, तेही उसने. ते दिले छगनलाल पारेख यांनी. हे छगनबाप्पा म्हणून ओळखले जाणारे सामाजिक कार्यकर्ते. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला दिली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मला यात संस्थेचा स्वभाव दिसतो. साठ वर्षं पापड घरोघर माहीत होता, संस्थापिकेचं नाव नव्हतं.

पहिल्या वर्षी विक्री झाली 6,196 रुपयांची. त्यातही पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळणार कुठे? पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. झालं, पावसातही काम सुरू. व्यवस्थापनाच्या पुस्तकात याला मोठं भारदस्त नाव मिळेल, पण ज्या बाईला जूनमध्येही घरखर्चाला पैसे लागतात तिलाच हे सुचतं.

छगनबाप्पांचा सल्लाही लक्षात ठेवण्यासारखा. सुरुवातीला या बायका दोन दर्जाचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. बाप्पांनी सांगितलं की एकच करा, उत्तम करा आणि हिशेब चोख ठेवा. दानधर्माची संस्था म्हणून नव्हे तर धंदा म्हणून चालवा, हा त्यांचा आग्रह होता. ‘गरीब बायकांनी केलेत, घ्या बिचाऱ्यांचे’ म्हणून विकलेला पापड गिऱ्हाईक एकदा घेतं. दुसऱ्यांदा चवीसाठीच घेतं.

आता रोजचं काम कसं चालतं ते बघा. शाखेत पहाटेपासून उडदाचं पीठ मळलं जातं. लाटणाऱ्या बायका, त्यांना तिथे ‘भगिनी’ किंवा ‘बहन’ म्हणतात, सकाळी येतात, आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड जमा करतात, त्याची लाटणावळ घेतात आणि ताजं पीठ घेऊन घरी जातात. बायकांना आणायला-सोडायला संस्थेच्या गाड्या असतात. जमा केलेल्या पापडाचं वजन होतं, आकार आणि जाडी तपासली जाते. नवीन बाई आली तर तिचं घर स्वच्छ आहे का, पापड वाळवायला जागा आहे का, हे बघून येतात. जागा नसेल तर तिला परत पाठवत नाहीत, पीठ मळणं किंवा पॅकिंग असं शाखेतलं काम देतात.

या रचनेत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते, ती म्हणजे वेळ. लाटण्याचं काम घरी होतं. दुपारी मूल झोपलं की दोन तास लाटता येतं, सासूचं पथ्यपाणी सांभाळून लाटता येतं. 1959 च्या मुंबईत सात-आठ तास घराबाहेर जाऊन नोकरी करणं ज्या बाईला शक्य नव्हतं, तिच्यासाठी कारखानाच तिच्या ओट्यापाशी आणला. उद्योगाचं वेळापत्रक बाईच्या दिवसाला जुळवून घ्यायचं हा निर्णय बाईच करू शकते असं नाही. पण मालक पुरुष असताना तो फारसा झाला नाही, एवढं खरं.

पैशाची बाजू तितकीच विचारपूर्वक बांधलेली आहे. रोज लाटणावळ द्यायची तर हातात रोकड हवी. म्हणून वितरकांना उधारीवर माल द्यायचा नाही, माल उचलतानाच पैसे घ्यायचे, अशी पद्धत ठेवली. शाखेचा नफा त्या शाखेच्या बायकांत वाटला जातो, कधी रोख तर कधी सोन्याच्या रूपात. तोटा झाला तर तोही त्यांचाच. पुरुषांना सभासद होता येत नाही. हिशेबनीस, ड्रायव्हर म्हणून ते पगारावर असतात. शाखा चालवणारी संचालिका आणि मध्यवर्ती समितीवरच्या 21 जणी सभासद बायकांमधूनच येतात. अध्यक्ष झालेल्या ज्योती नाईक, स्वाती पराडकर या पापड लाटतच वर आलेल्या आहेत. बाहेरून एमबीए आणून वर बसवायची गरज त्यांना पडली नाही.

सगळंच यशस्वी झालं असं मात्र नाही. 1961 मध्ये मालाडला शाखा काढली, ती चालली नाही. पुढे काडेपेट्या आणि अगरबत्त्या करून पाहिल्या, तेही जमलं नाही. मसाले आणि कपडे धुण्याची पावडर टिकली. गंमत म्हणजे कागदोपत्री लिज्जत ही सहकारी संस्था नाहीच. 1966 मध्ये तिची नोंदणी झाली ती संस्था नोंदणी कायद्याखाली, आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. आत्मा सहकाराचा, सातबारा वेगळा.

सहकारात मत कसं चालतं

खरी सहकारी संस्था म्हटली की कायदा काय सांगतो ते थोडक्यात. कंपनीत ज्याच्याकडे जास्त शेअर त्याची जास्त मतं. सहकारी संस्थेत दहा शेअर असोत की हजार, सभासदाला मत एकच. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्याने नफ्याचा किमान चौथा भाग राखीव निधीत टाकायला सांगितलं आहे, आणि लाभांशावर साधारणपणे 15 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. म्हणजे पैसेवाल्याने येऊन शेअर विकत घ्यावेत आणि संस्था ताब्यात घ्यावी, हा रस्ता बंद. संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. साखर कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या पॅनेलवर त्या जागा कुणाच्या घरातून भरल्या जातात हे सहकारात वावरणाऱ्यांना सांगायला नको.

म्हणून ‘फक्त महिलांची’ सहकारी संस्था हा वेगळा प्रकार ठरतो. तिथे दोन जागांवर समाधान मानावं लागत नाही, सगळं मंडळच बायकांचं. सातारा जिल्ह्यातली माणदेशी महिला सहकारी बँक त्यातली. ती जवळून बघण्यासारखी आहे.

म्हसवडची बँक

माण तालुका पर्जन्यछायेतला. माणगंगा बहुतेक महिने कोरडी, शेती भरवशाची नाही, त्यामुळे मेंढ्या, ऊसतोड, मुंबईला जाऊन हमाली यांवर घरं चालतात. चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून आलेल्या, लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झालेल्या. त्यांच्याकडे लोहारकाम करणारी, रस्त्याकडेला पालात राहणारी एक बाई आली. पावसाळ्याआधी प्लास्टिकचा कागद घेण्यासाठी तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते, आणि रक्कम इतकी लहान की बँका खातं उघडायला तयार नव्हत्या. तिला कर्ज नको होतं, अनुदान नको होतं. स्वतःचे पैसे सुरक्षित ठेवायला जागा हवी होती, बस.

मग आपलीच बँक काढू असं ठरलं आणि परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. अर्ज फेटाळला गेला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी बऱ्याच बायकांचे अंगठे होते. निरक्षरांची बँक कशी काढायची? बायका हिरमुसल्या, पण मग लिहा-वाचायला शिकायचं ठरवून वर्ग सुरू केले. दिवसभर कष्ट करून रात्री पाटी. काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांपुढे उलटं आव्हान ठेवलं: तुम्ही मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. बाजारात रोज सावकाराचं व्याज मोजणाऱ्या बायकांना याची काय भीती! 1997 मध्ये परवाना मिळाला.

हा किस्सा सांगताना लोक हशा-टाळ्यांपाशी थांबतात. त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. बाजारात भाजी विकणारी बाई दुपारी दुकान सोडून बँकेत आली तर तिचा त्या दिवसाचा धंदा बुडतो. म्हणून बँकेची माणसं तिच्या पाटीपाशी, तिच्या दारापाशी जाऊ लागली. मग पासबुकाचा प्रश्न आला. पासबुक घरात ठेवलं की नवऱ्याला शिल्लक कळणार, आणि कळली की ती राहणार नाही. बायकांनी सांगितलं, पासबुक नको. पुढे कार्ड आलं तेव्हा चार आकडी पिनचा विषय निघाला. त्यावर बायकांचं म्हणणं असं की पिन काय, कुणीही दटावून काढून घेईल, अंगठा ठेवा. अंगठा कुणी चोरून नेऊ शकत नाही. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, तोच पुढे सुरक्षेचा उपाय झाला.

बँकेच्या संगणक विभागात बसलेल्या माणसाला हे सुचलं नसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या घरात त्याचा पिन कुणी हिसकावत नाही. गिऱ्हाईक, मालक आणि निर्णय घेणारी बाई एकच असली की तक्रार सूचनापेटीत न पडता थेट बैठकीत येते.

2012-13 चा दुष्काळ आठवा. एक बाई मंगळसूत्र गहाण ठेवायला बँकेत आली, जनावरांना चारा घ्यायचा होता. बँकेच्या दृष्टीने सोनेतारण म्हणजे सगळ्यांत निर्धोक कर्ज. तारण घ्या, पैसे द्या, विषय संपला. पण चारा आणि पाणी दोन्ही मिळतच नसेल तर त्या पैशांचं ती करणार काय, हा प्रश्न तिथल्या बायकांनी विचारला आणि त्यातून माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी उभी केली. ती वर्षाहून जास्त चालली. बँक आणि फाउंडेशन या दोन वेगळ्या संस्था आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. बँकेला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू, ठेवीदारांचे पैसे छावणीत घालता येत नाहीत. ग्रामीण बायकांसाठी उद्योगाचं शिक्षण, बसमधून गावोगाव फिरणारी शाळा, म्हसवडचं कम्युनिटी रेडिओ केंद्र ही कामं फाउंडेशनची. धंदा एका पायावर आणि समाजकार्य दुसऱ्यावर, असा हा संसार आहे. दोन्ही हिशेब वेगळे ठेवले म्हणून टिकला.

असा विचार करणाऱ्या माणदेशच्या बायका काही पहिल्या नव्हत्या. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या 4,000 जणींनी प्रत्येकी 10 रुपये घालून 1974 मध्ये बँक काढली होती. मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं. प्रेमाताई गोव्याच्या, मुक्तिलढ्यात लहान वयात उतरलेल्या. गिरणी कामगार महिन्याने पैसे द्यायचे, वाण्याला मात्र आधी द्यावे लागायचे, आणि मधल्या दिवसांत सावकार ओरबाडायचा. बायका गटाने जाऊन राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज घेऊ लागल्या तेव्हा ती साखळी सैल झाली.

बचत गट आणि ‘फायनान्सवाले’

आता आपल्या आसपासचं बोलू. गावात दर आठवड्याला मोटारसायकलवरून येऊन हप्ता गोळा करणाऱ्या कंपनीच्या गटालाही लोक ‘बचत गट’ म्हणतात आणि बायकांनी स्वतः पैसे साठवून चालवलेल्या गटालाही बचत गटच म्हणतात. ही गल्लत महागात पडते. फरक एका उदाहरणाने दाखवतो.

समजा बारा बायका महिना 200 रुपये टाकतात. महिन्याला 2,400, वर्षाला 28,800 रुपये जमतात. त्यातले 10,000 एकीने शिलाई यंत्रासाठी घेतले, व्याज शेकडा दोन रुपये महिना. दर महिन्याला 1,000 मुद्दल फेडायचं आणि उरलेल्या मुद्दलावर व्याज द्यायचं. पहिल्या महिन्याला 200 रुपये व्याज, मग 180, मग 160, असं करत दहाव्या महिन्याला 20. एकूण व्याज 1,100 रुपये. वर्षाला 24 टक्के, दर काही कमी नाही. पण हे 1,100 गटाच्याच पेटीत पडले. बारा जणींत वाटले तर प्रत्येकीला जवळपास 92 रुपये, त्यात कर्ज घेणारीही आली. तेच कर्ज त्याच दराने बाहेरच्या कंपनीकडून घेतलं असतं तर 1,100 रुपये गावाबाहेर गेले असते. शिवाय हप्ता चुकला तर गट बैठकीत विचार करतो, बाईच्या घरी आजारपण आहे का हे त्यांना माहीत असतं. कंपनीचा माणूस दारात बसून राहतो आणि शेजारणींना जबाबदार धरतो.

कंपनीचं कर्ज वाईटच असं नव्हे. गटाची पेटी लहान असते, 50 हजार हवे असतील तर बाहेर जावंच लागतं. पण एकाच घरावर तीन-चार कंपन्यांचे हप्ते चढले की काय होतं ते 2010 मध्ये आंध्र प्रदेशात, अशा छोट्या कर्जांच्या संकटात, साऱ्या देशाने पाहिलं. 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असं कर्ज देताना घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कर्ज घेताना हा नियम ठणकावून विचारायला हरकत नाही.

गटाला बँकेशी जोडण्याचं काम नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, 1992 मध्ये 500 गटांवर प्रयोग म्हणून सुरू केलं. महाराष्ट्रात माविम, म्हणजे सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ, आणि नंतर ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने ते गावोगाव नेलं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री आता गटातल्या बायकांना तोंडपाठ असते.

कुठे फसतं

चांगल्या रचनेतही पोकळ जागा असतात. लिज्जतच्या पद्धतीवरचा जुना आक्षेप असा की बाई मालक म्हटली की ती कामगार राहत नाही, मग किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी यांचं काय? लाटणावळ शेवटी केलेल्या कामावर, म्हणजे पापडाच्या वजनावर मिळते. हात दुखले, पाठ धरली, त्या दिवशी कमाई नाही. नफ्यातला वाटा हे त्याचं उत्तर आहे, पण ते अपुरं आहे असं माझं मत. मालकी आणि सामाजिक सुरक्षा यांत एक निवडायला लावणं बरोबर नाही.

गटांमध्ये फसण्याची जागा आणखी साधी असते, ती म्हणजे वही. दहा बायकांपैकी एकीलाच नीट लिहिता येतं. ती सचिव होते आणि मग दहा वर्षं सचिवच राहते, कारण रजिस्टर तिच्याशिवाय कुणाला उलगडत नाही. ती प्रामाणिक असली तरी बाकीच्या हळूहळू फक्त सही करायला येऊ लागतात. काही ठिकाणी वही तिच्या नवऱ्याच्या हातात गेलेली असते, आणि बँकेत गटाच्या वतीने बोलायलाही तोच जातो. अध्यक्ष बाई, कारभारी भाऊसाहेब.

यावर चांगले गट जे करतात ते फार अवघड नाही. बैठकीच्या शेवटी पेटीतली रक्कम सगळ्यांसमोर मोजायची, कुणाकडे किती येणं आहे ते मोठ्याने वाचायचं, आणि ते पाठ म्हणता येईल इतकं दर वेळी वाचायचं. निरक्षर बाईलाही मग गेल्या महिन्याचा आकडा चुकला तर कळतं. लिहिण्यासाठी गावातली शिकलेली मुलगी मानधनावर ठेवायची, पण तिला मत द्यायचं नाही. लिज्जतमध्ये हिशेबनीसाचं जे स्थान आहे तेच गटात तिचं: काम करणारी, पगार घेणारी, आणि बैठकीत विचारलं तर उत्तर देणारी.